बंदी आहे, तरी देवमासे मरतात कसे? शहाद्याच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न शहाद्याहून आला आहे. पोरगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने 'देवमासे आणि डॉल्फिनची शिकार' हा विषय घेतलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "१९८६ पासून देवमासे मारायला जगभर बंदी आहे, मग जपान, नॉर्वे उघडपणे मारतात कसे? एवढ्या आंदोलनांनी नक्की काय थांबलं? आणि वर्गातले मित्र चिडवतात, 'समुद्र कथा, आपन कथा!' (समुद्र कुठे, आपण कुठे!) त्यांना काय सांगू?"

मी पशुवैद्यक. मूळ रावेर तालुक्यातला, पण नोकरीतली बरीच वर्षं कोकण किनाऱ्यावर गेली. किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनची शवविच्छेदनं हा त्या नोकरीचा एक भाग होता. आता अमळनेरला असतो, गाई-म्हशी बघतो. तेव्हा उत्तर एका जनावरांच्या डॉक्टरचं आहे, वकिलाचं नाही, हे धरून वाच.

आधी 'जगभर बंदी' हे शब्द भाषणातून काढ. १९४६ साली वॉशिंग्टनला करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग (म्हणजे देवमाशांची शिकार) आयोग उभा राहिला. हा आयोग म्हणजे जगाचं पोलीस ठाणं नव्हे. आपल्या गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीसारखा आहे: जो सभासद, त्याला ठराव लागू. १९८२ साली या सोसायटीने ठराव केला की १९८५-८६ च्या हंगामापासून व्यापारी शिकारीचा कोटा शून्य. २५ मतं बाजूने पडली, ७ विरुद्ध, ५ तटस्थ. भारत आदल्याच वर्षी सभासद झाला होता, त्याचं मत बंदीच्या बाजूने.

पण कराराच्या पाचव्या कलमात एक पळवाट पहिल्यापासून आहे. ठराव पटला नाही तर मुदतीत हरकत नोंदवायची, की तो ठराव त्या देशाला लागू होत नाही. नॉर्वेने हरकत नोंदवली, ती आजही तशीच उभी आहे, आणि १९९३ पासून ते मिंकी जातीचे देवमासे राजरोस मारतात. त्यात बेकायदा काही नाही. आइसलँड १९९२ ला सोसायटी सोडून गेला, २००२ ला अट घालून परत आला. जपानने आधी हरकत घेतली, नंतर मागे घेतली, आणि मग आठव्या कलमातून आत शिरला. त्या कलमाप्रमाणे संशोधनासाठी देवमासा मारायचा परवाना प्रत्येक देश स्वतःच स्वतःला देऊ शकतो. शिवाय मारलेलं वाया घालवू नये असंही तिथेच लिहिलंय. म्हणजे सकाळी संशोधन आणि संध्याकाळी मांस बाजारात. हे अंटार्क्टिकात १९८७ पासून चाललं. शेवटी ऑस्ट्रेलियाने जपानला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि ३१ मार्च २०१४ ला १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, की हे परवाने 'संशोधनासाठी' म्हणता येणार नाहीत. जपानने कार्यक्रमाचं नाव आणि आकडे बदलून पुन्हा जहाजं धाडली. पुढे ३० जून २०१९ ला तो देश आयोगातूनच बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, त्याच्या बोटी व्यापारी शिकारीला निघाल्या.

वर्तमानपत्रांनी तेव्हा आरडाओरडा केला. माझं मत जरा वेगळं आहे. बाहेर पडल्यावर जपानला अंटार्क्टिकात जायला निमित्तच उरलं नाही, तो स्वतःच्या समुद्रापुरता उरला. वाईटातलं बरं झालं. अर्थात घरच्या समुद्रात त्यांनी २०२४ साली फिन जातीच्या देवमाशांचा ५९ चा कोटा नव्याने काढला आणि त्यासाठी नवी मुख्य नौकाही बांधली, हेही भाषणात येऊ दे.

हे झालं कायद्याचं. पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर कायद्यात नाही, हिशेबात आहे. कापूस विकायला नेलेल्या कुठल्याही घरच्या पोराला 'काटा मारणे' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. देवमाशांच्या शिकारीचा इतिहास मी वाचला तेव्हा मला सारखा तोच काटा दिसत राहिला.

सुरुवात तेलापासून. देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तो कढवला की तेल. दिव्यांना, यंत्रांना, साबणाला लागायचं. रॉकेल आलं आणि देवमासे वाचले असं एक गोड वाक्य सगळीकडे फिरतं. ते खोटं आहे. रॉकेल एकोणिसाव्या शतकातलं, आणि सर्वांत जास्त देवमासे मेले ते विसाव्या शतकात: १९०० ते १९९९ मध्ये सुमारे २९ लाख. त्यातले वीस लाखांहून जास्त दक्षिण गोलार्धात. याला दोन गोष्टी कारण झाल्या. एक, नॉर्वेच्या स्वेन फॉयनने वाफेच्या बोटीवर तोफ बसवली आणि हार्पूनच्या, म्हणजे दोर बांधलेल्या भाल्याच्या, टोकाला स्फोटक लावलं, त्यामुळे निळा आणि फिन हे पळायला चपळ आणि मेल्यावर बुडणारे देवमासेही हातात आले. दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. पातळ तेलातून हायड्रोजन सोडून ते घट्ट करायची रीत सापडली. डालडा ज्या रीतीने होतं तीच ही रीत. युरोपात तेव्हा लोण्याऐवजी मार्जरीन खाल्लं जायचं, त्यात हे घट्ट केलेलं देवमाशाचं तेल जाऊ लागलं. (डालडा आपल्याकडे शेंगदाणा-सरकीच्या तेलाचं होतं, त्यात देवमासा नव्हता. आधीच सांगतो, नाहीतर उद्या हेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल.)

१९२५ ला पाठीमागे घसरण असलेली कारखाना-जहाजं आली. मेलेला देवमासा दोराने मागच्या बाजूने वर ओढायचा आणि डेकवरच कापायचा. किनाऱ्यावर यायची गरज संपली, म्हणजे कुठल्या देशाचा परवाना घ्यायची गरजही संपली. १९३०-३१ च्या एका हंगामात सुमारे २९,००० निळे देवमासे मारले गेले. निळा देवमासा म्हणजे आजवर या पृथ्वीवर झालेलं सर्वांत मोठं जनावर, आणि एका हंगामात २९,०००.

मग आयोग आला, त्याने कोटा घातला. कसा घातला ते बघ. त्यांनी जाती वेगळ्या मोजल्याच नाहीत. 'निळा देवमासा एकक' असं माप धरलं: एक निळा बरोबर दोन फिन, अडीच हंपबॅक, सहा सेई (या सगळ्या देवमाशांच्याच जाती). सगळ्यांनी मिळून हंगामाला अशी १६,००० एककं मारायची. कुणाच्या वाट्याला किती हेही सुरुवातीला ठरवलेलं नव्हतं. म्हणजे हंगाम उघडला की पळत सुटायचं, आणि एका गोळीत जास्तीत जास्त एककं देणारा निळाच आधी मारायचा, मग तो कितीही दुर्मीळ होवो.

हे मला नवं नव्हतं. रावेर-यावलमध्ये केळीसाठी आम्ही हेच केलं. पाणी सगळ्यांचं, बोअर ज्याची त्याची. शेजाऱ्याने शंभर फूट खाली नेली की आपण दोनशे. थांबायचं शहाणपण प्रत्येकाला कळतं, पण थांबणाऱ्याचं पाणी न थांबणारा ओढतो. माझ्या काकांनी तीन बोअरी मारल्या, दोन कोरड्या गेल्या, आणि तरी चौथीचं बोलणं चाललं होतं. नॉर्वेचे, ब्रिटनचे, जपानचे, रशियाचे जहाजमालक माझ्या काकांपेक्षा दुष्ट नव्हते. कॉलिन क्लार्क नावाच्या गणितज्ञाने १९७३ साली याचं गणितच मांडलं. देवमाशांची संख्या वर्षाला फार हळू वाढते, मादी दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू देते. त्या वाढीपेक्षा बँकेचं व्याज जास्त असेल, तर निव्वळ नफा बघणाऱ्याला सगळे देवमासे आत्ताच मारून पैसे व्याजी लावणं परवडतं. सावकाराच्या वहीत ही गोष्ट दोन ओळींत बसते.

आणि आता काटा मारण्याचं. सोव्हिएत संघाचे ताफे आयोगाला आकडे द्यायचे. ते आकडे बनावट होते, हे १९९३ साली अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने उघड केलं. त्यांच्या जुन्या शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. दक्षिण गोलार्धात त्यांनी कळवलेले हंपबॅक २,७१०, खरे मारलेले ४८,००० हून जास्त. हे कशासाठी, तर पंचवार्षिक योजनेचं उद्दिष्ट गाठायला. उद्दिष्ट गाठलं की खलाशांना बोनस, आणि पुढच्या वर्षी उद्दिष्ट आणखी वर. पुष्कळदा जनावर पूर्ण वापरलंही जायचं नाही. जहाजावर परक्या देशाचे निरीक्षक ठेवायला सुरुवात झाली १९७२ ला, तोवर मारणाराच मोजत होता.

आता तुझ्या मित्रांच्या 'समुद्र कथा'चं उत्तर याच कागदांत आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये अंटार्क्टिकाकडे चाललेले सोव्हिएत ताफे वाटेत अरबी समुद्रात थांबले आणि ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या पाण्यात त्यांनी २४२ हंपबॅक मारले. बेकायदा, कुणाला न कळवता. तुझ्या शहाद्याजवळच्या प्रकाशा गावच्या घाटावरून जे तापीचं पाणी पुढे जातं ते सुरतेजवळ ज्या समुद्रात पडतं, तोच हा समुद्र. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात वितात. अरबी समुद्रातले जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. ही गोष्ट आपल्याला बऱ्याच अंशी कळली तीसुद्धा त्या २४२ मेलेल्यांच्या पोटातलं अन्न आणि गर्भ यांच्या नोंदींवरून. हे हंपबॅक जगातल्या इतरांपासून हजारो वर्षं तुटलेले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर आज जे मोजले जातात ते शंभराच्या आत. एका महिन्यात २४२ मारले आणि साठ वर्षांनी शंभरही नाहीत. भाषणात एकच आकडा घ्यायचा असेल तर हा घे.

मग थांबलं कशाने? तुझ्या भाषणात बहुधा रबरी होडीत बसून हार्पूनसमोर जाणारे कार्यकर्ते असतील. असू देत. ग्रीनपीसने १९७५ ला कॅलिफोर्नियासमोर सोव्हिएत ताफ्याला तसं आडवं जाऊन जी चित्रफीत आणली, तिने जगाला प्रथमच हे काम कसं चालतं ते दाखवलं. त्याआधी १९७० साली हंपबॅकची गाणी ध्वनिमुद्रिकेवर निघाली होती, आणि लोकांना कळलं की ज्याचं आपण मार्जरीन खातो ते जनावर गातं. १९७२ ला स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेने दहा वर्षं शिकार थांबवायची शिफारस केली. हा सगळा दाब खरा होता. पण जपानने आपली हरकत मागे घेतली ती गाण्यामुळे नव्हे. अमेरिकेच्या कायद्यात तरतूद होती की व्हेलिंगचे नियम मोडणाऱ्या देशाला अमेरिकेच्या समुद्रात मासेमारीचा वाटा मिळणार नाही. अलास्काची मासळी की देवमासा, असा तो सौदा होता.

दुसरं कारण जेवणाच्या पानातलं. युद्धानंतर जपानमध्ये उपासमार होती तेव्हा शाळेच्या डब्यात देवमाशाचं मांस असायचं. १९६२ च्या सुमारास वर्षाला दोन लाख टनांच्या वर खपत होतं. आता दोन हजार टनांच्या आसपास. आजोबांना ते आठवणीसाठी हवं असतं, नातवाला नको असतं. नॉर्वेतही कोटा हजाराच्या वर असतो आणि प्रत्यक्ष मारतात त्याच्या निम्म्याहून कमी, कारण घेणारं कुणी नाही.

आइसलँडचं प्रकरण मला डॉक्टर म्हणून जवळचं. तिथल्या सरकारी पशुवैद्यक खात्याने २०२२ च्या हंगामात बोटींवर निरीक्षक बसवून, घड्याळ लावून मोजलं, की हार्पून लागल्यापासून फिन देवमासा मरायला किती वेळ लागतो. बरेचसे लगेच मेले. काहींना दुसऱ्यांदा हार्पून मारावा लागला, आणि काही जनावरं बराच वेळ तडफडत होती, एक तर दोन तास. कत्तलखान्यात मी बसलोय. तिथे मिनिटांवर गेलं तर अहवाल लिहावा लागतो. या मोजणीवरून २०२३ ला आइसलँड सरकारने हंगाम ऑगस्टअखेरपर्यंत रोखून धरला, त्या वर्षी फक्त २४ मारले गेले, पुढची दोन वर्षं तिथे एकही नाही. घोषणा देऊन जे जमलं नव्हतं ते घड्याळाने केलं. शिकारी जहाजांना समुद्रात आडवं जाणाऱ्या 'सी शेफर्ड' संघटनेचे संस्थापक पॉल वॉटसन यांचं नाव तुझ्या मजकुरात असेलच: जपानच्या जुन्या वॉरंटवरून त्यांना जुलै २०२४ मध्ये ग्रीनलँडमध्ये अटक झाली, डिसेंबरात सुटले. धाडसाबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या जहाजांनी उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर जाऊन जे केलं त्याने तिथले लोक जास्त हट्टाला पेटले, असं माझं मत आहे.

फेरो बेटांचं वेगळं सांगावं लागेल, कारण ती व्यापारी शिकार नाही. पायलट देवमाशांचा कळप बोटींनी हाकत उथळ खाडीत आणायचा, मारायचा आणि मांस गावात फुकट वाटायचं. यात्रेच्या भंडाऱ्यासारखं. सोळाव्या शतकापासूनच्या नोंदी आहेत त्यांच्याकडे, कोणत्या दिवशी किती मारले त्याच्या. १२ सप्टेंबर २०२१ ला त्यांनी एका दिवसात १,४२८ डॉल्फिन मारले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याच माणसांना लाज वाटली, आणि सरकारने डॉल्फिनवर वर्षाला ५०० ची तात्पुरती मर्यादा घातली. त्याच्याही आधी, २००८ साली, त्यांच्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं होतं की पायलट देवमाशाच्या मांसात पारा इतका आहे की ते माणसाने खाऊ नये. तो पारा कोळशाच्या धुरातून, कारखान्यांतून येतो आणि माशांमार्फत चढत चढत देवमाशापर्यंत जातो. ते मांस खाणं बाहेरच्यांनी नाही, डॉक्टरने थोडं कमी केलं.

परंपरेच्या प्रश्नावर तुला स्पर्धेत नक्की विचारतील, म्हणून अलास्काचं उदाहरण देतो. हे माझं सर्वांत आवडतं आहे. बोहेड नावाचे देवमासे तिथले इन्युपिआट लोक पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मारतात. १९७७ ला आयोगाने त्यांचा कोटा एकदम शून्य केला, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने बोहेड फार तर दीड-दोन हजारच उरले होते. शिकारी म्हणाले, तुम्ही बर्फाच्या कडेला उभे राहून मोकळ्या पाण्यातले मोजता. देवमासे बर्फाखालून जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, ते तुम्हाला दिसत नाहीत. शास्त्रज्ञांना ती थाप वाटली. शिकाऱ्यांनी स्वतःचं मंडळ काढलं, आणि मग पाण्याखाली मायक्रोफोन सोडून मोजणी झाली. शिकारी बरोबर निघाले. आज बोहेड दहा हजारांच्या वर आहेत, आणि त्या लोकांची ठरावीक कोट्यातली शिकारही चालू आहे. तू शहाद्याचा, धडगाव-तोरणमाळकडचे मित्र असतील तुझे. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, डिंक, तेंदू यांवरचा हक्क दिला, पण शिकारीचा पारंपरिक हक्क मुद्दाम बाहेर ठेवला. आयोगाने उलट केलं. कोणतं बरोबर यावर वर्गात वाद घाल, दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

डॉल्फिनचं थोडक्यात. १९८२ चा तो ठराव मोठ्या देवमाशांपुरता आहे, डॉल्फिनवर आयोगाचा अधिकार चालतो का यावरच सभासदांचं एकमत नाही. म्हणून जपानमधल्या तायजी गावात दर सप्टेंबरपासून जी हाकारून शिकार होते ती या बंदीत येतच नाही. तिथे मांसापेक्षा जिवंत डॉल्फिनला कितीतरी पट भाव मिळतो, मत्स्यालयांत खेळ करायला. २०१५ ला जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने जपानी संघटनेचं सभासदत्व रोखलं, तेव्हा तिने आपल्या सभासदांना तायजीचे डॉल्फिन घ्यायला मनाई केली. भारताने हे दार आधीच लावलं होतं: मे २०१३ मध्ये केंद्राने डॉल्फिनचे खेळ करायला परवानगी देऊ नका असं राज्यांना कळवलं. आपल्या राज्यातही तेव्हा असे प्रस्ताव होते.

आणि आपल्याकडे शिकार होतच नव्हती असं समजू नकोस. गंगेतला डॉल्फिन, सूंस, बिहार-आसामात तेलासाठी मारायचे. ते तेल पाण्यात सोडलं की विशिष्ट जातीचे मासे गोळा होतात, शिवाय सांधेदुखीवर चोळायला. अशोकाच्या स्तंभलेखात न मारायच्या प्राण्यांत 'गंगापुपुटक' आहे, तो हाच असं मानतात, म्हणजे मारत होते म्हणून तर लिहावं लागलं. पाटण्याचे प्रा. रवींद्रकुमार सिन्हा यांनी उपदेश करण्यापेक्षा दुसरं तेल शोधलं: मासळी बाजारात फेकून दिलेल्या माशांच्या आतड्या-डोक्यांचं. मासे त्यालाही येतात. २००९ ला सूंस राष्ट्रीय जलचर झाला, आणि २०२५ ला जाहीर झालेल्या पहिल्या सविस्तर मोजणीत देशातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन निघाले.

आता मी स्वतः पाहिलेलं. आज जगात देवमासे-डॉल्फिन हार्पूनने मरतात त्याच्या कितीतरी पट जाळ्यात मरतात. वर्षाला तीन लाख हा आंतरराष्ट्रीय आयोगाचाच अंदाज. कोकणात एका पावसाळ्याच्या शेवटी मला एक मादी डॉल्फिन उघडावी लागली. बाहेरून धडधाकट. कातडीखालच्या चरबीला पट्टी लावली, चांगली जाड, म्हणजे आजारी नव्हती. पोटात अर्धवट पचलेली तारली, म्हणजे मरण्याच्या थोडं आधी पोटभर जेवली होती. श्वासनळी कापली तर आत पांढरा फेस, साबणाच्या पाण्यासारखा. आणि चोचीभोवती, खालच्या बाजूला, चाकूने ओढल्यासारख्या बारीक समांतर रेघा. जाळ्याच्या एका-एका दोऱ्याची खूण. डॉल्फिन आपल्यासारखाच हवेवर जगतो, जाळ्यात अडकला की वर येता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर कोळ्याने रेघा बघितल्या आणि मला जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं, माप बोटांनी दाखवलं. "माझंच असंल कदाचित," म्हणाला. त्याचा डोळा ओला नव्हता आणि तो खोटंही बोलत नव्हता. पन्नास-साठ हजारांचं जाळं कापून जनावर सोडायचं म्हणजे त्याने महिन्याची कमाई समुद्रात टाकायची.

म्हणून मला राज्याची २०१८ ची योजना महत्त्वाची वाटते. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर कोळ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. रक्कम पुरेशी नाही, कागद फार लागतात, पण त्यामुळे एक मोठी गोष्ट झाली: कोळी मोबाईलवर चित्रीकरण करून पाठवू लागले, कारण पुरावा लागतो. पूर्वी मेलेला डॉल्फिन गुपचूप पाण्यात ढकलला जायचा. आता कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात, काय अडकतं ते निदान कुठेतरी नोंदलं जातं.

राहिलं खान्देश. मला इथे येऊन देवमाशावर जे फोन आले ते सगळे एकाच विषयावर: 'व्हेलची उलटी'. एका ओळखीच्या कापूस दलालाने मला चहाला बोलावून टेबलावर मेणासारखा करडा गोळा ठेवला आणि विचारलं, डॉक्टर, असली आहे का? सुरतेकडच्या कुणीतरी त्याच्याकडून बयाणा घेतला होता. मी वास घेतला. मेणबत्तीचं मेण होतं, त्यात काहीतरी अत्तर. पण तो खरा असता तर त्याला जास्त अडचण झाली असती. ही 'उलटी' म्हणजे अंबर, ते स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात, माकुलीच्या (स्क्विडच्या) न पचलेल्या चोचींभोवती तयार होतं. शंभरात एखाद्याच जनावरात सापडतं. देवमासा आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा कोणताही भाग बाळगणं, विकणं, विकत घेणं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड किमान २५,०००. आणि बातमीत 'पाच कोटींची उलटी जप्त' असं छापतात ना, तो भाव कुणी दिलेला नसतो, चोरांनी सांगितलेला असतो. ती बातमी वाचूनच पुढचा दलाल तयार होतो. मी त्याला गोळा टाकून द्यायला आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करायला सांगितलं. गोळा टाकला, फोन केला नाही.

तुझ्या मित्रांना सांगायचं तर हे सांग. आणि भाषणात 'देवमासा' बिनधास्त म्हण, शब्द आपला आहे, पण एकदा तरी तो मासा नाही, पिल्लाला दूध पाजतो, हे बोल. परीक्षकांत प्राणिशास्त्राचं कुणी असेल तर तेवढ्यावरच अडवतील. निकाल लागला की कळव.